वरचं पाणी, खालचं पाणी

निघण्याआधी सामान तपासून घ्या. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली आणि तिचं घट्ट बसणारं काचेचं बूच. दोन लहान कुप्या: एकीत मँगनीज सल्फेट, दुसरीत अल्कली आयोडाइड. नदीचं पाणी बाटलीत काठोकाठ भरायचं, हवेचा एक बुडबुडासुद्धा आत राहू द्यायचा नाही, दोन्ही कुप्यांतलं थोडं थोडं द्रावण सोडायचं, बूच लावून बाटली वरखाली करायची आणि थांबायचं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढरा राहतो. नेमका आकडा काढायला यापुढे आम्ल, थायोसल्फेट, स्टार्च असा सगळा प्रपंच आहे, पण तुमचं काम रंगावर भागेल. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये ही रीत बसवली आणि तुम्ही ती त्याच्याही आधीच्या काळात घेऊन चालला आहात. तेवढी सूट आपण घेऊ.

पहिला मुक्काम १८२७. फेब्रुवारीतली सकाळ, पुण्याच्या पूर्वेला आठेक मैल, म्हणजे आजच्या मांजरीच्या आसपास, मुळा-मुठेचा काठ. पेशवाई जाऊन नऊ वर्षं झाली आहेत. पात्रात काळ्या खडकाचे कातळ उघडे पडले आहेत आणि त्यांच्यामध्ये डोह आहेत, तळाचा गोटा न् गोटा दिसावा इतके नितळ. काठावर एक गोरा अधिकारी वही घेऊन बसला आहे. हा विल्यम सायक्स, मुंबई सरकारचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर. दख्खनची माणसं, पिकं, पाऊस, पक्षी यांची मोजदाद करायला सरकारने त्याला नेमलं आहे, आणि मासे त्याने आपल्या हौसेने यादीत घातले आहेत. भोई टोपलीतून एकेक मासा काढून ठेवतो. साहेब नाव विचारतो, भोई सांगतो, आणि साहेब कानाला जसं ऐकू येईल तसं लिहून घेतो. त्यातला एक मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला मासा तुम्ही नीट पाहून घ्या. पुढे १८३९ मध्ये सायक्स त्याचं वर्णन छापणार आहे आणि शास्त्रात त्याचं नाव ‘खुद्री’ असंच राहणार आहे. दख्खनचा महासीर तो हाच. जगात हा मासा कुठेही सापडला तरी शास्त्रज्ञ त्याची ओळख पटवायला ज्या मूळ ठिकाणाकडे बोट दाखवतात, तिथे या क्षणी तुमचे पाय भिजताहेत.

‘मामा, पाणी प्यालं तर चालेल का?’ तुम्ही भोयाला विचारता.

‘प्या की. नदीचं न्हाय पिनार तर कुनाचं पिनार?’ तो हसतो. तुमचा प्रश्न त्याला खुळ्यासारखा वाटला आहे.

बाटली भरा. साका दाट तपकिरी. महासीराला वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, आणि ते इथे आहे.

आता लगेच भाबडं होऊ नका. हे पाणी नितळ आहे ते तेव्हाचे पुणेकर पुण्यवान होते म्हणून नव्हे. गाव लहान होतं, संडासातून पाणी सोडायची सोय नव्हती, आणि मैला नदीत जाण्याऐवजी शेतात जात असे. सोनखत म्हणून त्याला भाव होता. तो डोक्यावरून वाहून नेणाऱ्यांचं आयुष्य काय होतं, हे त्या नितळ डोहाकडे पाहताना विसरू नये. शिवाय तुमची बाटली फक्त प्राणवायू पाहते, जंतू पाहत नाही. नऊ वर्षांपूर्वीच, १८१८ मध्ये, पटकीच्या साथीने दख्खनमध्ये माणसं मेली आहेत, आणि तेव्हाही या पाण्याचा साका तपकिरीच बसला असता. भोयाच्या हातचं पाणी प्यायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

इथून आणखी मागे. अठराव्या शतकाचा मध्य, कात्रजचा घाट. नानासाहेब पेशव्यांनी इथे दोन तलाव बांधून घेतले आहेत. वरच्या तलावात गाळ बसतो, निवळलेलं पाणी खालच्यात येतं, आणि तिथून दगडी बांधणीच्या भुयारी नळातून शहराकडे निघतं. तुम्ही आत उतरता. माणूस उभा चालू शकेल एवढी उंची आहे. अंधार, गारवा, घोट्याभोवती सरकणारं पाणी. ठरावीक अंतरावर वरून उजेडाचा झोत येतो. ते उच्छ्वास. हवा कोंडू नये आणि साफसफाईला माणूस उतरावा म्हणून जमिनीवर काढलेली तोंडं. पंप नाही, इंजिन नाही, नुसता उतार. दोन-अडीच कोसांनंतर हे पाणी काळ्या हौदात, बदामी हौदात पडतं; पुढे ते फडके हौदातही पडेल आणि शनिवारवाड्यात हजारी कारंज्यातून उडेल.

उजेडात आल्यावर एक प्रश्न तुम्हाला पडायलाच हवा. शनिवारवाड्यापासून मुठा हाकेच्या अंतरावर आहे. काठावर ओंकारेश्वर आहे, घाट आहेत. मग पाणी डोंगरातून का आणलं? एक कारण उताराचं: नदी खाली, वस्ती वर. पण दुसरंही कारण घाटावर उभं राहिल्यावर दिसतं. इथेच धुणं चाललं आहे, इथेच जनावरं पाण्यात बसली आहेत, पलीकडे चिता पेटली आहे, आणि वरच्या अंगाने शहराचे ओहोळ येऊन मिळताहेत. ज्याला परवडतं त्याने आपलं पिण्याचं पाणी आपल्याच घाणीच्या वरून उचललं. पुण्याचा पाण्याचा सगळा इतिहास मला या एका वाक्यात दिसतो. पुढे प्रत्येक पिढीने हेच केलं. पाणी उचलायचं तोंड आणखी वर नेलं, आणि खाली काय सोडलं जातं याची चिंता खालच्यांवर टाकली.

याला एकच अपवाद आहे. तो पाहायला १८५० मध्ये संगमाच्या खाली या. आजच्या बंडगार्डनपाशी नदीवर नुकताच बंधारा झाला आहे. मुंबईचे दानशूर व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांनी त्याला पैसा दिला आहे. साठलेलं पाणी पंपाने चढवून छावणीला आणि शहराला द्यायचं, असा बेत आहे. नकाशा डोळ्यांपुढे आणा: मुठा शहर ओलांडून येते, मुळा मिळते, आणि त्याच्याही खाली पाणी उचलायचं. शहराने स्वतःच्या खालचं पाणी प्यायचा घाट घातला तो एवढ्याच वेळी. ही व्यवस्था टिकली असती तर नदी स्वच्छ ठेवणं ही पुण्याची स्वतःची, रोजची गरज झाली असती. टिकली नाही. १८६९ मध्ये खडकवासल्याला धरणाचं काम सुरू झालं आणि १८७९ च्या सुमारास कर्नल फाइफच्या देखरेखीखाली ते पुरं झालं. चुन्यात बांधलेला तो दगडी बांध पाहायला त्या काळी लांबून माणसं येत. पुढे १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी आपले आपोआप उघडमीट होणारे दरवाजे पहिल्यांदा बसवले तेही इथेच. अभियांत्रिकी म्हणून कौतुकाचीच गोष्ट. पण मुठेचे दोन तुकडे पडले ते या भिंतीपाशी. भिंतीच्या वरचं ते प्यायचं, भिंतीच्या खालचं ते टाकायचं.

मुळेच्या खोऱ्यातल्या मुळशीला फार थांबायला नको. १९२१ च्या एप्रिलमध्ये, रामनवमीच्या दिवशी, मावळे टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले. पुढे सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. सत्याग्रह हरला, धरण झालं. पूर्वेला पुण्याकडे वाहणारं मुळेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून सह्याद्रीवरून भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं गेलं आणि कुंडलिकेतून कोकणात उतरलं. कोलाडला आज रबरी होड्यांत बसून जे पर्यटक किंचाळतात ते याच पाण्यावर. नदीचं पाणी कुठे जाणार हे उतार ठरवत नाही, मालक ठरवतो, हे त्या खोऱ्याला तेव्हाच कळलं. आणि एक गंमत: सायक्सच्या त्या खुद्री महासीराची पैदास पुढे कित्येक वर्षं टाटांच्याच लोणावळ्याजवळच्या वळवण केंद्रात झाली.

आता १२ जुलै १९६१, बुधवार. नारायण पेठेतला एक वाडा. इथे बाटली लागणार नाही.

सकाळी आकाश भरलेलं आहे, पण तसं ते आठवडाभर आहेच. पन्नास किलोमीटरवर आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधून झालेलं नाही, तरी त्यात पाणी साठवलं आहे. रात्रभर जवान वाळूच्या पोत्यांनी खचणारा बांध धरून होते. सकाळी तो गेला. ते पाणी खडकवासल्यावर आदळलं, आणि ऐंशी-ब्याऐंशी वर्षं उभा असलेला तो दगडी बांधही फुटला. पेठेत मात्र अफवाच आधी पोचली. कुणी म्हणतं धरण फुटलं, कुणी म्हणतं काहीतरीच. नदी वाढली म्हणून पोरं लकडी पुलाकडे धावली आहेत, मजा बघायला. वाड्यातली एक बाई स्टोव्ह विझवता विझवता तुमच्याकडे वळते: ‘अहो भाऊ, वर या माडीवर, तिथं काय उभे राहिलात?’

पाणी रस्त्याने येत नाही. ते मोरीतून येतं, जोत्याखालून येतं, चौकातल्या आडातून उसळतं. मग जिना एकेक पायरीने दिसेनासा होतो. लकडी पूल पाण्याखाली जातो. माती-विटांचे वाडे आधी भिजतात आणि नंतर, बहुतेक पाणी ओसरतानाच, आवाज न करता बसतात. शनिवार, नारायण, कसबा, पलीकडे डेक्कन. मृतांचा आकडा शेवटपर्यंत वादात राहिला. हजारो घरं गेली. सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर या नावांमागे त्या दिवशी उठलेली बिऱ्हाडं आहेत.

पण तुम्ही पाण्याच्या मागावर आहात, म्हणून दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबा. सगळीकडे गुडघाभर चिखल, कुजलेल्या धान्याचा वास, आणि नळ कोरडे. खडकवासलाच नाही तर नळाला पाणी कुठलं? तेव्हा लोकांना वाड्यांतल्या विहिरी आठवल्या, हौद आठवले. ज्यांच्यावर फळ्या टाकून वर सायकली ठेवल्या होत्या त्या विहिरींचा गाळ उपसायला माणसं उतरली. ऐंशी वर्षांच्या नळाने शहराला एकाच तोंडावर जगायची सवय लावली होती, आणि ते तोंड एका सकाळीत बंद झालं. जुने पुणेकर अजूनही ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ असा काळ मोजतात. धरणं मात्र पुरानंतर वाढली: पानशेत पुन्हा बांधलं, वरसगाव झालं, टेमघर झालं. खडकवासल्यासह चारही धरणांची साठवण २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. तोंड आणखी वर गेलं.

शेवटचा टप्पा आजचा. यासाठी काळ ओलांडावा लागत नाही, मार्चमधला एक दिवस आणि एक दुचाकी पुरते.

पहाटे वेगऱ्याच्या वर, मुठेच्या उगमाच्या डोंगरात. पावसाळ्यात इथे पुण्याच्या कितीतरी पट पाऊस कोसळतो, आता मात्र ओढ्यात बोटभर धार आहे. बाटली भरा: तपकिरी. पानशेतच्या जलाशयाकाठी: तपकिरी. मात्र काठाकडे बघत चला. रिसॉर्ट, फार्महाउस, प्लॉटच्या पाट्या. दासव्याला लवासा उभं राहिलं ते वरसगावच्या पाण्याला टेकूनच. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस आणि भजी खाऊन भिंतीच्या खाली या. इथे पात्रात नुसता कातळ आहे. पावसाळ्यात विसर्ग सुरू झाला की इथूनच पाणी सुटतं आणि २५ जुलै २०२४ सारखं सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या घरांत शिरतं. एरवी धरणातलं पाणी कालव्याने आणि जलवाहिन्यांनी निघून जातं, नदीला काही मिळत नाही.

आणि तरी थोडं पुढे, विठ्ठलवाडीच्या देवळाजवळ, पात्र वाहताना दिसतं. कुठून आलं हे पाणी? तुमच्या न्हाणीघरातून. तुमच्या संडासातून, वॉशिंग मशीनमधून, हॉटेलांच्या मोऱ्यांतून. सकाळी जे खडकवासल्यातून नळाला आलं तेच दुपारी नाल्यांनी परत आलं. मार्चमध्ये पुण्यातून वाहणारी मुठा म्हणजे नदीत मिसळलेलं सांडपाणी नव्हे. मिसळायला नदी आहेच कुठे? नानासाहेबांच्या काळात ज्याचा प्रवाह वळवला तो आंबिल ओढा पुढे येऊन मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो किती जोरात वाहू शकतो हे शहराने माणसं गमावून पाहिलं, एरवी त्याची ओळख नाला एवढीच. मग नागझरी. मग संगमावर मुळा, जी दापोडीला पिंपरी-चिंचवडची पवना पोटात घेऊन आलेली असते.

मुंढव्याला बाटली काढा. बंधाऱ्याखाली पांढरा फेस उडतो आहे, वरच्या अंगाला जलपर्णीचा हिरवा गालिचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीच्या आकाशात किड्यांचे वावटळीसारखे लोट उठलेले लोकांनी मोबाइलवर टिपले, ते इथलेच. द्रावणं सोडा, बाटली वरखाली करा, थांबा. साका पांढरा. आंघोळीलायक पाण्यात लिटरमागे किमान पाच मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू, तीन मिलिग्रॅमच्या वर नको, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं माप सांगतं. सायक्सचं मांजरी इथून पुढे फार लांब नाही. महासीर शोधायचा त्रास घेऊ नका.

उपाय चालू आहेत, हे सांगितलंच पाहिजे. जुन्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची क्षमता दिवसाला ४७७ दशलक्ष लिटर. जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून मुळात ९९० कोटींच्या असलेल्या योजनेत आणखी अकरा केंद्रं, ३९६ दशलक्ष लिटरची. दोन्ही मिळून ८७३. शहर धरणांतून रोज दीड अब्ज लिटरहून अधिक पाणी उचलतं. गळती किती धरायची, टँकर आणि बोअरवेलचं पाणी किती धरायचं यावर हिशेब हवा तसा फिरवता येतो आणि फिरवला जातोही. शिवाय क्षमता म्हणजे शुद्धीकरण नव्हे: नाल्यातलं पाणी केंद्रापर्यंत नेणारी वाहिनीच नसेल तर केंद्र कोरडं आणि नदी ओली. दुसरीकडे मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते नदीकाठ सुधारणेचं भूमिपूजन झालं: ४४ किलोमीटर, घाट, पदपथ, बागा. माझं मत विचाराल तर क्रम उलटा आहे. आधी पाणी, मग बाक. वास मारणाऱ्या पाण्याकडे तोंड करून कोण बसणार?

तोंड वर नेण्याची जुनी युक्तीही आता संपत आली आहे. २०२५ च्या जानेवारीत धायरी, किरकटवाडी, नांदेडगाव या भागांत गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हात-पाय लुळे पडलेली, व्हेंटिलेटरवर गेलेली माणसं. संशय पाण्यावर आला, कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जंतूचं नाव वर्तमानपत्रांत रोज छापून येऊ लागलं. ही गावं नदीच्या शेपटाला नाहीत, खडकवासल्याच्या भिंतीला लागून आहेत. शहर चालत चालत आपल्याच तोंडापाशी पोचलं आहे.

आणि खाली? मुंढव्याच्या जॅकवेलमधून शुद्ध केलेलं म्हणून जे पाणी उचलतात ते बेबी कालव्यातून हवेली-दौंडच्या शेतांना जातं. भाजी तिथली, खाणारे पुन्हा आपणच. उरलेलं रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं आणि उजनीत साठतं, ११७ टीएमसीच्या धरणात. भिगवणला रोहित पक्षी बघायला पुण्याहून गाड्या जातात, आणि पुण्याचं सांडपाणी त्यांच्या आधी तिथे पोचलेलं असतं. उजनीतून सोलापूर शहराला जलवाहिनीने पिण्याचं पाणी जातं. आषाढीला चंद्रभागेत पाणी सोडतात तेही उजनीचंच. पालखी पुण्यात मुक्कामाला आली की आपण वारकऱ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटतो, पायाला तेल लावतो. दोन आठवड्यांनी तेच वारकरी पंढरपूरला ज्यात डोकं बुडवतात, त्यातला आपला वाटा आपण कधी मोजत नाही. २०१६ मध्ये राज्याने ‘नमामि चंद्रभागा’ जाहीर केलं, पण चंद्रभागेची घाण पंढरपुरात साफ होणार नाही. ती विठ्ठलवाडीपासून पुढच्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी अडवावी लागेल.

तेव्हा पुण्यात राहत असाल तर एक काम करा. तुमच्या सोसायटीचं सांडपाणी कोणत्या वाहिनीतून कोणत्या केंद्रात जातं, ते केंद्र सुरू आहे का, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याची गेल्या महिन्याची तपासणी काय सांगते, हे महापालिकेला लेखी विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. उत्तर आलं की त्याची एक प्रत सोलापूरच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवा. पाणी तोच पिणार आहे.